उलटसुलट क्रमानं स्पेक्ट्रम

पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या ब्रिटिश माणसासमोर झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरचा विषय काढा, तो लगेच खेळांची यादी म्हणायला लागतो. हंग्री होरेस, द हॉबिट, जेटपॅक, मॅनिक मायनर, अँट अटॅक, लॉर्ड्स ऑफ मिडनाइट, नाइट लोअर. क्रम ठरलेला, सालं तोंडपाठ. हा खेळ आला आणि तो जुना झाला, तो आला म्हणून पुढचा कुणाला तरी सुचला, अशी सगळी वंशावळ त्याच्या डोक्यात पक्की असते. मला त्या माणसाचा हेवा वाटतो. आमच्याकडे हे खेळ एकगठ्ठा आले, नावागावाशिवाय, नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर एकामागून एक भरलेले. १९८६ चा खेळ आधी आणि १९८३ चा त्याच्यानंतर, असं सर्रास व्हायचं. कोण कुणाचा बाप, हे कळायला मार्ग नव्हता.

त्यामुळे असल्या याद्यांमध्ये 'मैलाचे दगड' म्हणून मिरवणाऱ्या खेळांबद्दल एक प्रश्न माझ्या मनात कायम घोळत राहिलाय. यांचं मोठेपण कुठे असतं, रांगेतल्या जागेत की अंगात? काही खेळ असे, की मागचंपुढचं काही माहीत नसलेल्या पोरालाही ते जागच्या जागी खिळवतात. काही असे, की इतिहास वाचल्यावर त्यांना मागाहून नमस्कार करावा लागतो. दोघांचाही मान आहेच. पण माझा जीव पहिल्या जातीवर.

आधी यंत्राबद्दल थोडं. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या केंब्रिजच्या कंपनीनं २३ एप्रिल १९८२ रोजी स्पेक्ट्रम जाहीर केला. १६ के, म्हणजे १६ किलोबाइट स्मृतीचा, १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ पौंडांना. आत ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, वर रबराची ४० बटणं, आवाजासाठी एकुलता एक बीपर, पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि साठवणीसाठी घरातलाच टेपरेकॉर्डर. हार्डवेअर रिचर्ड आल्टवॉसरचं, रॉममधली (कायमच्या स्मृतीतली) बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा स्टीव्ह व्हिकर्सची, आणि ते काळं, कोपऱ्यावर इंद्रधनुष्यी पट्टा असलेलं रूप रिक डिकिन्सनचं. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. रंग मात्र ठिपक्यागणिक देता यायचा नाही. आठ बाय आठच्या चौकटीत एकावेळी दोनच रंग. हिरव्या झाडासमोरून पिवळा माणूस गेला की झाडाचा तेवढा तुकडा पिवळा व्हायचा. हा चक्क काटकसरीचा मामला होता. त्यामुळे अख्खा पडदा ६,९१२ बाइटांत बसायचा आणि उरलेली जागा खेळाला मिळायची. आज एखादा साधा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो, त्यात असे कितीतरी पडदे मावतील.

१९८६ मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा अॅमस्ट्रॅड या कंपनीनं ५० लाख पौंडांना घेतला, १९९२ मध्ये स्पेक्ट्रमचं उत्पादन थांबलं. मध्ये १२८ केचं मॉडेल आलं, संगीतासाठी वेगळी चिप आली, पण बहुतेक खेळ ४८ केवर चालतील असेच निघत राहिले. म्हणजे दहा वर्षांत खेळ कुठल्या कुठे गेले आणि यंत्र जवळपास होतं तिथेच. मला या इतिहासात सगळ्यात मौज याची वाटते. नवं काही मिळालं म्हणून कुणी पुढे गेलं नाही. आहे त्यातच अजून काय काय दडलंय, ते एकेक जण उकरून काढत गेला.

भारतात १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस काढला, 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावानं. त्याच्या दोनएक वर्षं आधी सरकारच्या 'क्लास' योजनेतून निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर पोचले होते, पण ते कुलपात आणि कापडी झाकणाखाली. घरात असायचा तो स्पेक्ट्रम, म्हणजे ज्यांच्या घरात काही असायचंच त्यांच्या. आमच्या घरी नव्हता. ठाण्याला मावसभावाकडे, नंदूदादाकडे होता, तोही रबरी बटणांचा, कुणीतरी इंग्लंडहून आणलेला. त्याला इथे आणून लगेच चालवता येत नसे. स्पेक्ट्रमचा सिग्नल यूएचएफच्या ३६ व्या चॅनलवर, आणि आपल्याकडच्या त्या काळच्या टीव्हीची धाव व्हीएचएफपर्यंत. शेवटी कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं डबा उघडून काहीतरी जुळणी करून दिली. काय केलं ते त्यानं सांगितलं नाही. पैसे मात्र घसघशीत घेतले. मावशी काकांना म्हणाली, "अभ्यासासाठी आहे म्हणे!" ब्रिटनमधल्या लाखभर आयांनीही हेच वाक्य ऐकलं असणार, कारण सिंक्लेअर यांचीही समजूत साधारण तीच होती.

कॅसेटींवर नावं नसायची. असायचे ते काउंटरचे आकडे. 'साइड बी, १२७ - गाडी.' '१८२ - माकड?' (तो माकड नव्हता, हे पुढे कळलं.) इंग्लंडमध्ये प्रत्येक खेळाबरोबर छापील वेष्टन यायचं, त्यावर गोष्ट, कळांची माहिती, करणाऱ्याचं नाव. दुहेरी डेकवर एका कॅसेटवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर उतरत आलेल्या आमच्या प्रतींना यातलं काहीही चिकटून आलेलं नव्हतं. क्यूनं डावीकडे की ओनं, हे प्रत्येक खेळात नव्यानं चाचपावं लागे.

आणि खेळ चालू होणं हेच मुळात एक काम होतं. जे दाबलं की 'लोड' हा पूर्ण शब्द उमटायचा, मग दोन अवतरण चिन्हं, मग एंटर, मग टेपरेकॉर्डरचं प्ले. टीव्हीच्या कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्टे सरकायचे आणि एक लांब सूर लागायचा. तो तुटून किरकिर सुरू झाली, पट्टे बारीक होऊन निळे-पिवळे झाले, की माहिती आत जायला लागली. चित्र यायचं तेही सरळ वरून खाली नाही. पडद्याचे तीन भाग. प्रत्येक भागात आधी दर आठवी ओळ, मग तिच्या खालची, मग त्याच्याही खालची, अशी फटी बुजवत रेघा भरत जायच्या. सगळं चित्र काळंपांढरं पूर्ण झाल्यावर शेवटच्या काही क्षणांत वरून खाली रंग ओतल्यासारखे यायचे. पुढे चार-पाच मिनिटं नुसती किरकिर. बरेचदा अगदी शेवटी 'आर टेप लोडिंग एरर' असा पांढरा पडदा. मग नंदूदादा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, रेकॉर्डरच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरवायचा आणि कान लावून ऐकायचा. सूर धारदार झाला की हेड कॅसेटला बरोबर लागलं. प्रत्येकाची कॅसेट वेगळ्या रेकॉर्डरवर भरलेली, त्यामुळे एकाची कॅसेट जुळवली की दुसऱ्याची बिघडायची.

आता खेळ.

फुटबॉल मॅनेजर हा १९८२ चा, केव्हिन टॉम्सचा. आमच्यापैकी कुणालाही इंग्लिश लीगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हा खेळ बेसिकमध्ये लिहिलेला होता. ब्रेक दाबायचं, लिस्ट करायचं, की सगळा खेळ ओळीनं समोर. पैसे कुठल्या व्हेरिएबलमध्ये आहेत ते शोधून क्लबला गर्भश्रीमंत करणं हा आमचा फुटबॉल. यादीत त्याचं स्थान 'व्यवस्थापनाच्या खेळांचा जनक' असं आहे. माझ्या लेखी तो वाचता आलेला पहिला प्रोग्रॅम. त्याहून जास्त त्याच्याबद्दल मला सांगायचं नाही.

द हॉबिटची गोष्ट वेगळी. टोल्किनच्या कादंबरीवरचा हा खेळ ऑस्ट्रेलियातला, मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरचा, १९८२ चा. व्हेरोनिका मेग्लर ही तेव्हा विद्यापीठात शिकत असलेली मुलगी आणि फिलिप मिचेल या दोघांचं मुख्य काम. त्याआधीच्या मजकुरी साहसखेळांत जग गोठलेलं असायचं. तुम्ही हललात तरच काहीतरी व्हायचं. मेग्लरनं पात्रांना त्यांची त्यांची चाल दिली. गँडाल्फ हा जादूगार येतो, हातात एक विचित्र नकाशा ठेवतो, निघून जातो. तुम्ही विचार करत बसलात आणि काहीच टाइप केलं नाहीत, तर खेळ स्वतःच सांगतो की वेळ जातोय. आणि तुमचा सोबती, बुटका थोरिन! तुम्ही जिवाच्या आकांतानं कोठडीतून सुटायची वाट शोधताय, आणि हा बाबा खाली बसून सोन्याची गाणी म्हणायला लागतो. पात्रं आपापल्या बुद्धीनं फिरत असल्यामुळे कधी कधी भलताच कुणीतरी वाटेत मरायचा आणि त्याच्याशिवाय पुढे जाणंच अशक्य व्हायचं. खेळ ते सांगायचा नाही. दुपारभर डोकं फोडल्यावर कळायचं, की ज्याच्यावर भिस्त होती तो दोन तासांपूर्वीच गेला.

मी मराठी माध्यमाचा. आठवी-नववीचं इंग्रजी, शेजारी उघडी डिक्शनरी, आणि समोर वाक्यं समजणारा खेळ. मिचेलनं लिहिलेला तो भाग एकट्यादुकट्या क्रियापदावर भागवायचा नाही. अमक्याला सांग की तमकं कर, हळूच कर, ते सोडून सगळं उचल, असलंही त्याला कळायचं. शाळेत इंग्रजीचा तास म्हणजे वाक्याचं कर्मणी करा, प्रश्नार्थक करा. इथे वाक्य बरोबर जमलं तर दार उघडायचं. हॉबिटचं इतिहासातलं स्थान मला पुष्कळ नंतर कळलं. पण थोरिन पहिल्यांदा गायला बसला, तेव्हाच मी मावशीला हाका मारून बोलावलं होतं. ती हात पुसत आली, वाचून म्हणाली, "याला दुसरं काम नाही का?"

१६ केच्या खेळांबद्दल भरभर सांगतो. जेटपॅक (१९८३) म्हणजे अॅशबी-डी-ला-झूश नावाच्या गावातल्या स्टॅम्पर बंधूंच्या 'अल्टिमेट'चा पहिला फटाका: रॉकेटचे तुकडे जुळव, इंधन भर, उड. सगळं इतकं गुळगुळीत, की इतरांचे खेळ त्याच्याशेजारी अडखळत चालल्यासारखे दिसत. थ्रीडी डेथचेस त्याच वर्षीचा, मर्विन एस्टकोर्टचा. मोटारसायकलवरून जंगलातून सुसाट जायचं, झाडं अंगावर येतात, बस्स. तो आमच्याकडे 'गाडी' म्हणून नोंदलेला. खोड आणि काळोख यापलीकडे त्यात काही नाही, तरी मान आपोआप बाजूला जायची.

मॅनिक मायनर (१९८३) मॅथ्यू स्मिथनं लिहिला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. लिव्हरपूलच्या बग-बाइटनं तो काढला. वीस गुहा, प्रत्येक गुहेत किल्ल्या गोळा करायच्या, हवा संपायच्या आत बाहेर पडायचं. उडी एकदा मारली की हवेत दिशा बदलता येत नाही, त्यामुळे प्रत्येक उडी आधी मनात मारावी लागते. यादीतले लोक त्याचं नाव घेतात ते खेळ चालू असताना सलग वाजणाऱ्या संगीतासाठी. संगीतकार ग्रीगच्या 'इन द हॉल ऑफ द माउंटन किंग'ची ती ओळ. यात विशेष काय, असं आज वाटेल. स्पेक्ट्रमचा बीपर म्हणजे एक बिट. तो चालू-बंद, चालू-बंद करायचं काम खुद्द प्रोसेसरनंच करायचं. सूर वाजवत बसला तर माणूस हलवणार कोण? स्मिथनं प्रत्येक फेरीत खेळ थोडा हलवायचा आणि सुराचा एक तुकडा वाजवायचा, अशी वाटणी केली. त्यामुळे ते संगीत सलग वाहत नाही, फुटक्या आवाजात टकटकत राहतं. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, तरी हा खेळ सुरू झाला की इतर पोरं रांगेत मागे उभी न राहता पडद्याजवळ यायची. उरलेले जीव पडद्याच्या तळाशी त्या तालावर नाचत असायचे, आणि सगळे संपले की वरून एक प्रचंड बूट येऊन विलीला, म्हणजे खेळाच्या नायकाला, चिरडायचा. या विनोदाला प्रस्तावना लागली नाही.

त्याचा पुढचा भाग जेट सेट विली, १९८४. आदल्या रात्रीच्या पार्टीचा पसारा आवरल्याशिवाय मारिया नावाची घरकामवाली बाई विलीला झोपू देत नाही. साठेक खोल्यांचा वाडा, कुठूनही कुठेही जा. मात्र खेळाआधी एक राखणदार होता. कॅसेटबरोबर रंगीत चौकटींचं एक कार्ड यायचं. खेळ म्हणायचा, अमुक रांगेतल्या अमुक चौकटीचा संकेत द्या. कार्डावर त्या जागी चार रंगांच्या खुणा, त्या क्रमानं चार आकडे दाबायचे. दोनदा चुकलात की खेळ संपला, पुन्हा पहिल्यापासून लोडिंग. कॅसेट कुणीही उतरवून घेईल, पण १९८४ साली रंगीत झेरॉक्स कुठून आणणार? युक्ती नामी होती. ब्रिटनमधल्या पोरांनी त्यावर जो उपाय केला तोच आमच्यापर्यंत पोचला: हातानं काढलेली नक्कल. आमच्याकडे आली ती आलेखाच्या वहीच्या पानावर, स्केचपेननं भरलेली, दीडशेहून जास्त चौकटींची. कुणीतरी परदेशात एक अख्खा रविवार यात घातला असणार. घड्या पडलेल्या जागी निळा आणि हिरवा एकमेकांत उतरलेले. ट्यूबलाइटखाली ते दोन्ही सारखेच दिसायचे, म्हणून तो कागद खिडकीशी नेऊन तिरका धरायचा आणि तिथून आकडे ओरडायचे. "दोन, चार... थांब, चार की एक?" नंदूदादा बटणावर बोट रोखून बसलेला.

त्या वाड्यातली पोटमाळ्याची खोली शापित होती. तिथे जाऊन आलं की इतर खोल्यांमध्ये शिरताक्षणी माणूस मरायचा, एकामागून एक सगळे जीव जायचे. पोटमाळ्यातला एक बाण पडद्याची हद्द ओलांडून स्मृतीत भलतीकडे लिहायचा आणि दुसऱ्या खोल्यांची माहिती खराब करायचा, असा तो दोष. हा खेळ काढणाऱ्या सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्स कंपनीनं आधी सांगितलं की त्या खोल्यांत विषारी वायू आहे, खेळाचाच भाग आहे! मग गपचूप दुरुस्तीचे पोक, म्हणजे स्मृतीतले चुकीचे आकडे बदलायच्या आज्ञा, छापले गेले. आमच्याकडे ना मासिकं यायची ना पोक, त्यामुळे आमच्या लेखी वाड्याला एक अशी खोली होती जिथे जायचं नाही, आणि त्याचं कारण कुणी विचारत नसे. घराघरांत असल्या खोल्या असतातच.

आता मुख्य वादाकडे येतो. नाइट लोअर, अल्टिमेट, १९८४. कुठल्याही यादीत हा वरच्या दोनतीनात असतो. खोली तिरप्या कोनातून दिसते, ठोकळे एकमेकांमागे खरेखुरे झाकले जातात, टेबल ढकलून त्यावर चढता येतं, रात्र झाली की नायक डोकं धरून तडफडतो आणि लांडगा होतो. चाळीस दिवसांत मांत्रिकाच्या कढईत हव्या त्या वस्तू नेऊन टाकायच्या. रंगांची ती आठ बाय आठची कटकट त्यांनी मोडीत काढली, खोलीगणिक एकच रंग ठेवून. खोलीत हलणाऱ्या वस्तू जास्त असल्या की खेळ जड व्हायचा, आणि मोकळी खोली आली की नायक पळत सुटायचा. प्रोसेसर बिचारा उघडउघड धापा टाकत होता. हा खेळ त्यांच्याच 'सेबर वुल्फ' या खेळाच्या आधीच तयार होता, पण तो आधी बाहेर काढला तर सेबर वुल्फ कोण घेईल, म्हणून दाबून ठेवला, असं स्टॅम्पर बंधूंनी पुढे सांगितलं. तयार माल फडताळात ठेवून जुना आधी खपवण्याची ही व्यापारी अक्कल मला चित्रांइतकीच दाद देण्यासारखी वाटते.

आम्ही नाइट लोअर आधी पाहिला. अँट अटॅक नंतर, वर्षभरानं, दुसऱ्या कुणाच्या तरी कॅसेटवर. करड्या ठोकळ्यांचं उजाड शहर, मुंग्या, आणि अडकलेल्या कुणाला तरी सोडवायचं. आम्ही त्याला नाइट लोअरची गरिबाघरची नक्कल ठरवून पुढचा खेळ लावला. खरं तर तो एक वर्ष आधीचा, १९८३ चा, सँडी व्हाइट या शिल्पकला शिकलेल्या माणसाचा. ते शिल्पकाराचंच काम आहे, हे आता दिसतं: शहर नुसतं चितारलेलं नाही, रचलेलं आहे, आणि चारही दिशांनी फिरवून बघता येतं. नाइट लोअरमध्ये खोलीला फिरता येत नाही. सुरुवातीला मुलगा व्हायचं की मुलगी, हेही तो विचारतो, आणि हे १९८३ साल आहे.

मग नाइट लोअर मोठा की अँट अटॅक? रांगेत पाहिलं तर अँट अटॅकनं दार उघडलं. पण रांग माहीत नसताना आम्हाला नाइट लोअरनंच गप्प केलं होतं, आणि तेही काही खोटं नव्हतं. पहिलेपणाचा मान द्यायला इतिहासकार आहेत. खेळणाऱ्याला त्या खोलीत उभं राहिल्यावर टेबलाच्या मागे खरोखर जागा आहे असं वाटलं पाहिजे. व्हाइटच्या शहरात मला ते आज वाटतं, तेव्हा वाटलं नाही. नाइट लोअरचं एक पाप मात्र यादीवाले सांगत नाहीत. त्याच्यानंतर दोन-तीन वर्षं जो उठला तो तिरक्या खोल्यांचाच खेळ काढत सुटला. जॉन रिटमन आणि बर्नी ड्रमंड यांचा हेड ओव्हर हील्स (१९८७) सोडला, तर त्यातले किती आज उघडावेसे वाटतात? मला तरी फार नाही.

हा क्रमाचा घोळ एकट्या आमचाच नव्हता. सोव्हिएत संघात स्पेक्ट्रमच्या घरगुती नकला, लेनिनग्राड, पेंटागॉन वगैरे, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फोफावल्या, आणि मूळ यंत्र इंग्लंडमध्ये बंद पडल्यावरही तिथे वर्षानुवर्षं चालल्या. तिथल्याही पोरांनी नाइट लोअर कुठल्यातरी अनोळखी कॅसेटवर, आगापिछा माहीत नसतानाच पाहिला असणार.

स्कूल डेझ (१९८४), डेव्हिड रीडी, मायक्रोस्फिअर. एका इंग्लिश शाळेत एरिक नावाचा कारटा आहे आणि स्टाफरूमच्या तिजोरीतून त्याला आपलं प्रगतिपुस्तक पळवायचंय. प्रत्येक मास्तरला तिजोरीच्या संकेतातलं एकेक अक्षर ठाऊक. इतिहासाचे मास्तर इतके म्हातारे, की त्यांना ते आठवण्यासाठी त्यांच्या जन्माचं साल फळ्यावर लिहून दाखवावं लागतं. यंत्र मागे सगळ्या शाळेचं वेळापत्रक चालवत असतं. तुम्ही नसलात तरी वर्ग भरतात, घंटा होते, मारामाऱ्या होतात. हॉबिटमधली कल्पनाच इथे चित्रात आलीय, असं मला वाटतं, पण कोणत्याही यादीत या दोघांना जोडलेलं मी पाहिलेलं नाही. आम्हाला महत्त्वाचं होतं ते हे, की सुरुवातीला मास्तरांची नावं बदलता यायची. रोमन लिपीत आमच्या शाळेतली सगळी आडनावं त्यात बसवली. गणिताच्या सरांच्या डोक्यात गलोल बसून ते जमिनीवर बसले, तेव्हा खोलीत जो जल्लोष झाला तो काकांनी बाहेरून दार ठोठावल्यावर थांबला.

आणि लॉर्ड्स ऑफ मिडनाइट. १९८४, माइक सिंगलटन, आधी इंग्रजीचा शिक्षक. याच्याबद्दल मला तटस्थ राहता येत नाही. बर्फाळ प्रदेश, चार हजार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणाहून आठ दिशांना नजर, म्हणजे बत्तीस हजार दृश्यं, आणि सगळं ४८ केमध्ये. चित्रं साठवलेली नाहीतच. डोंगर, जंगल, किल्ला, बुरूज यांची मोजकी चित्रं निरनिराळ्या आकारांत ठेवलीत. तुम्ही जिथे उभे आहात तिथून काय किती लांब आहे ते नकाशावरून काढायचं आणि लांबचं आधी, जवळचं नंतर असं पडद्यावर रचायचं. पांढऱ्या बर्फावर निळ्या रेघा. रंगांची कटकट इथेही हुशारीनं टाळली आहे. दिवसभर तुमचे सरदार चालतात, दमतात, फौजा गोळा करतात. रात्र झाली की डूमडार्क या शत्रूची सैन्यं हलतात आणि सकाळी कळतं, कुठला किल्ला गेला.

खेळाबरोबर बटणांवर ठेवायचा छापील कागद मिळायचा, कुठली कळ काय करते ते सांगणारा. आमच्याकडे तो नव्हता. चाळीस बटणं एकेक दाबून पाहत, वहीत लिहीत आम्ही तो पुन्हा तयार केला, आणि त्यात 'रात्र' कुठल्या बटणानं होते हे सापडायला फारच उशीर लागला. तोवर आमचे चारही वीर दमून बर्फात उभे, आणि आमच्या समजुतीप्रमाणे खेळ तिथेच संपत होता. तरी आम्ही तो सोडला नाही. पुढच्या टेकडीमागे काय आहे ते बघायला, नुसतं वळून बघायला, आम्ही त्याच्याकडे परत परत जायचो. क्रमाची परीक्षा मी मनातल्या मनात लावतो तेव्हा हा खेळ सगळ्यांच्या पुढे उभा असतो. ना गोष्ट माहीत, ना कळा, ना हेतू, तरी त्या कोऱ्या पांढऱ्या मुलुखात पोरं तासन्तास उभी.

चेस एचक्यू (१९८९, ओशन) हा शेवटचा. गेमिंग पार्लरमधल्या भल्यामोठ्या यंत्राचा खेळ त्यांनी जवळजवळ एकरंगी करून या चिमुकल्या डब्यात कोंबला, आणि तो पळतो, चढउतारासकट पळतो. सात वर्षांपूर्वीच्या हंग्री होरेसचा तोच प्रोसेसर, तोच पडदा. इंग्लंडमध्ये तेव्हा मुलं अमिगा या नव्या कॉम्प्युटरकडे वळली होती. आमच्याकडे नंदूदादा बारावीला होता आणि स्पेक्ट्रम कपाटावर गेला होता. मी हा खेळ पाहिला तो थेट इम्युलेटरवर, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, नोकरीला लागल्यावर.

इम्युलेटरवर लोडिंगचा आवाज बंद करता येतो आणि मी तो करतो, उगाच हळवेपणा नको. सालवार क्रमानंही सगळं एकदा खेळून झालं. त्यात अँट अटॅक वर चढला, जेटपॅक होता तिथेच राहिला, मॅनिक मायनर आजही सहाव्या-सातव्या गुहेपुढे मला जमत नाही. लॉर्ड्स ऑफ मिडनाइट जिंकायच्या दोन वाटा आहेत. एक युद्धाची, म्हणजे सरदार जमवा, फौजा न्या, डूमडार्कला हरवा. दुसरी म्हणजे मुख्य नायक लुक्सर याच्या मुलानं, मॉर्किननं, एकट्यानं उत्तरेला जाऊन बर्फाचा मुकुट मिळवायचा आणि नष्ट करायचा. नंदूदादा अजूनही युद्धाच्या बाजूचा, पुण्याहून फोनवर मला डावपेच सांगतो. मी मॉर्किनला जंगलांच्या आडून नेतो. परवा तो मुकुटापर्यंत पोचला, पण तेवढ्यात दक्षिणेत झाजॉर्किथ हा आपल्या बाजूचा मोठा गड पडला. तरी मॉर्किन जिवंत असेपर्यंत हा खेळ हार मानत नाही, त्यामुळे तो सध्या मुकुट नष्ट करायला मिरो सरोवराच्या वाटेवर आहे.